तेहतीस लटकनं आणि दोन बारशिंगे

बालाघाट
२२ जानेवारी २०२३

ती. पुष्पाताई,

नमस्कार. गुडघे दुखत असतील तर आधी बसून घ्या, पत्र लांब आहे. फोनच केला असता, पण मागच्या वेळी मी विचारलं संक्रांतीचं वाण काय दिलंत, आणि तुम्ही अर्धा तास धानाच्या गंजीबद्दल सांगत राहिलात. तेव्हा आपलं टपालच बरं.

तुमचे बंधू मजेत आहेत. रेंजर म्हणून रिटायर होऊन सहा वर्षं झाली, पण अजून रोज सकाळी खाकी स्वेटर घालून कॉलनीतली झाडं मोजून येतात. परवा शेजाऱ्यांनी स्वतःच्या शेवग्याची फांदी तोडली, तर हे पंचनामा करायला निघाले होते.

आमच्या भगिनी मंडळाचं ह्या वर्षीचं ठरलं. मागच्या वर्षी योगा होता, त्यात तिघींच्या कमरा गेल्या, म्हणून ह्या वर्षी बसून करायचं काम. दसुतीवर फुलीचे टाके घालून नाताळच्या झाडाला टांगायची लटकनं करायची. वर्षभर, दर गुरुवारी, मंजुषाबाईंच्या व्हरांड्यात. मंजुषाबाई म्हणजे आमच्या अध्यक्षा. गणपतीत स्वतःच्या सत्काराला स्वतःच पहिली टाळी वाजवतात, त्या.

मी काही सुचवलेलं नाही हं. माझ्याकडे नमुन्यांची एक पुस्तिका आली होती, कुठून ते सोडा. ती मी त्यांच्या टेबलावर विसरले आणि निघताना एवढंच म्हणाले की हे काम फार परदेशी आहे, आपल्या मंडळाला झेपायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी त्यांचा फोन, ठराव पास.

तिकडे म्हणे बायका जानेवारीपासून घोळक्यानं बसून हे करतात. ह्याला क्रॉस स्टिच म्हणतात. ताई, आपण शाळेत शिवणाच्या तासाला 'सुस्वागतम' आणि दोन पोपट भरले, ते काय होतं? पण मंजुषाबाईंचं म्हणणं, ते वेगळं. पोपट असला की दसुती, सांताक्लॉज असला की क्रॉस स्टिच. डिसेंबरात मोठ्या साहेबांच्या मिसेसच्या हस्ते प्रदर्शन आहे. साहेब कोणते ते बदल्या झाल्यावर कळेल.

ह्यांना सांगितलंय की मंडळाचं काम आहे. तुम्हीही तेवढंच समजा.

तुमची,
प्रमोदिनी

---

लांजी
४ फेब्रुवारी

प्रमोदिनीले लांजीहून आशीर्वाद, तू मागितला नसला तरी.

तुयं पत्र दोनदा वाचलं. मायेवाले कान गेले, डोये नाही गेले. पुस्तिका कुठून आली ते सोडा म्हणते. सोडाले मी काय गाय धरून बसली?

नाताळचं झाड लागते असं आपल्या नात्यात एकच घर हाये, अन् ते बैहरले हाये. तुया पोरीनं, श्रियानं, त्या पियुष मसीहसंगं कोर्टात लगन केलं त्याले चार वर्षं होऊन राह्यले. पोरगा शाळेत गणित शिकवते, दारू पीत नाही, तंबाखू खात नाही, तरी माया भावानं, गुणाकरनं, पोरीचं नाव टाकलं. तवापासून तुमच्या भितीवर तिचा फोटो नाही, नुसता खिळा हाये. मी दिवाळीले आलती तवा पाह्यला.

मीबी तवा म्हटलं होतं का पोरगी हातची गेली. तवा म्हटलं ते साऱ्याइले याद हाये. आता काय वाटते ते कोणी विचारत नाही.

तं खरं सांग, हे काहून करून राह्यली तू? अन् मंडळातल्या बायाइले माहीत हाये का?

पुष्पलता

---

बालाघाट
१८ एप्रिल

ती. ताई,

तुम्हाला काहीही सुचतं. मंडळाचं काम म्हणजे मंडळाचं काम.

आता इकडची गंमत ऐका. मार्चचा नमुना होता रेनडिअर, म्हणजे थंड देशातलं हरीण, सांताक्लॉजची गाडी ओढतं ते. मी भरत बसले होते. हे मागून आले, चष्मा वर केला, आणि चौकशी सुरू. "ही शिंगं कोणाची? सांबर नाही, चितळ नाही." मी म्हटलं, बाहेरचा प्राणी आहे. "मग आपल्या डिव्हिजनमध्ये काय करतोय?"

संध्याकाळी बघते तर हे डायनिंग टेबलावर आलेखाचा कागद पसरून बसलेले. कान्ह्याच्या बाजूला अर्धी नोकरी गेली, तेव्हा आठवणीतून बारशिंगा काढला. एकेका चौकटीत एकेक फुली, शिंगांची टोकं पूर्ण बारा. म्हणाले, शिंगं काढायची तर नीट काढा, नाहीतर काढूच नका. गुरुवारी तो कागद घेऊन स्वतःच मंजुषाबाईंच्या व्हरांड्यात हजर. आता मंडळातल्या सगळ्यांचे रेनडिअर बारशिंगे झालेत आणि हे दर गुरुवारी तपासणीला येतात. कालपर्यंत हाच माणूस ह्याला बायकांचे रिकामे उद्योग म्हणत होता. अंजूच्या बारशिंग्याला अकरा टोकं झाली, तर तिला उसवायला लावलं.

अंजूचंच आणखी एक. तिनं सांताक्लॉजला कपाळावर गंध लावलंय. म्हणाली, पांढऱ्या दाढीचा म्हातारा माणूस, मोकळं कपाळ बरं दिसत नाही.

बारशिंगा काढता काढता हे म्हणाले, "बैहरच्या रस्त्याला एकदा मी..." आणि थांबले. बैहर हा शब्द आला की ह्यांना चहा लागतो. चहा दिला. पिऊन पुन्हा शिंगांची टोकं मोजायला लागले.

प्रमोदिनी

---

लांजी
२० मे

प्रमोदिनी,

उन्हानं जीव चालला, तरी तुये पाठवलेले नमुने पाहून हात शिवशिवले. सुनेनं दसुती आणून देल्ली. सोबत मायं लटकन पाठवून राह्यली, पाकीट जपून उघड.

ती सांताक्लॉजची गाडी मले काही पटली नाही. बिनचाकाची गाडी कशी चालन? बर्फ असन तिकडं, पण इकडं येयाचं म्हटलं का लांजी-बालाघाट रस्ता हाये. म्हून मी दोन चाकं लावली, आपल्या बैलाच्या रेंगीसारखी. गुणाकरचे दोन बारशिंगे लाल दोरीनं जुंपले. सांताले धोतर नाही नेसवलं, पायजमाच ठेवला. माणूस परका हाये, त्याचं त्याले राहू दे.

सुनेनं विचारलं, आत्याबाई, हे कोणासाठी? मी म्हटलं, मंडळासाठी. तुयी खोटं बोलाची सवय मले लागून राह्यली.

पुष्पलता

---

बालाघाट
२७ जुलै

ती. ताई,

तुमची गाडी सगळ्या बायकांना आवडली, तुमच्या भावाला नाही. भिंगातून पाहिली आणि म्हणाले, बारशिंगा संरक्षित प्राणी आहे, त्याला गाडीला जुंपणं हा कायद्यानं गुन्हा आहे. मी म्हटलं, दोऱ्याचा आहे हो तो. "म्हणून काय झालं, लोक बघून शिकतात." शेवटी मला तुमची लाल दोरी उसवावी लागली. आता दोन बारशिंगे पुढे चाललेत, गाडी मागून येते आहे, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. एका घरात राहूनही असं चालतंच म्हणा.

दुसरी गोष्ट मोठी आहे. अधिकमास लागला. तुम्हाला मी काय सांगणार, जावयाला तेहतीसाचं वाण द्यायचं. मंजुषाबाईंच्या पुण्याच्या जावयाला शुगर आहे, अनारसे चालत नाहीत. बत्तासे तर नकोच. मागच्या गुरुवारी त्या विचारात बसल्या होत्या, आणि एकदम उभ्या राहिल्या. वाण जाळीदार लागतं ना? मग दसुतीला काय कमी भोकं आहेत? तिथल्या तिथे मंडळाचा डबा उघडला, सगळ्यात सुबक तेहतीस लटकनं निवडली आणि कुरिअर केली. जावई विष्णूच्या जागी असतो, त्याला तेहतीस सांताक्लॉज गेले.

अध्यक्षांनीच पायंडा पाडला, मग कोण थांबतं? नूतनचा जावई गोंदियाला, त्याला तेहतीस. अंजूचा भरवेलीच्या खाणीत, त्यालाही तेहतीस. एकीला मुलगीच नाही, तिनं भाचजावई काढला. साहेबांच्या मिसेससाठी सात महिने भरलेलं सगळं दोन गुरुवारांत जावयांच्या घरी गेलं. डब्याच्या तळाशी वाकडीतिकडी उरलीत तेवढीच.

मग नूतन म्हणाली, "प्रमोदिनीताई, तुम्ही नाही घेतलीत?" मी सुईत दोरा ओवत बसले. ओवलेलाच होता.

ताई, आता लपवून काय करू. पुस्तिका श्रियानं पाठवली होती. तिच्या घरी झाड लावतात, त्यावर तिच्या सासूच्या हातची लटकनं असतात, माहेरचं एकही नसतं. फोनवर हसत सांगितलं तिनं. मी मंजुषाबाईंच्या मागच्या अंगणातून गुरुवारी तिच्याशी बोलते, घरून नाही. म्हटलं मंडळाच्या नावानं एखादं लटकन तिला पोचवता आलं तर बघावं. पण वाण म्हणजे उघड उघड जावई म्हणणं झालं. ह्यांना न विचारता कसं म्हणू? आणि विचारलं तर ते नाहीच म्हणतील. सोळा ऑगस्टला महिना संपतो.

प्रमोदिनी

---

लांजी
३ ऑगस्ट

प्रमोदिनी,

धोंड्याचा महिना तीन वर्षाइनं येते. पुढच्या वेळी मी असन का नाही कोणाले माहीत, अन् तुया नवरा तं तवाबी शेवगेच मोजत असन.

चार वर्षं झाले, त्या पोराले कोणी जावई म्हटलं नाही. तो काय चोरी करून राह्यला? गणित शिकवते. तुया घरात एका माणसाचं तोंड बंद हाये म्हून साऱ्याइनं तोंड बंद ठेवलं. मीबी ठेवलं. मले त्याचा राग येते आता, मायाच.

उरलेले वाकडे का असनात, तेहतीस मोज अन् पाठव. अन् मायी गाडी त्यात टाक. जुंपलेली नाही तं नाही.

पुष्पलता

---

बालाघाट
१८ ऑगस्ट

ती. ताई,

पाठवलं.

दहा तारखेच्या गुरुवारी हे तपासणी करून गेले, मग मी मंडळात सगळ्यांदेखत डबा मागितला. म्हटलं, मलाही एक वाण द्यायचं आहे. मंजुषाबाई आत गेल्या आणि डबा आणून माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाल्या, "आठ वर्षं अध्यक्ष आहे मी. आपल्याला झेपायचं नाही असं म्हणून टेबलावर पुस्तिका विसरणारी बाई काय मागते ते मला कळत नाही का? जानेवारीपासून वाट बघतेय, तुम्ही कधी तोंड उघडता त्याची." मी म्हटलं, मग सगळ्यात चांगली तुम्ही का घेतलीत? तर म्हणाल्या, तो वेगळा विषय आहे.

म्हणजे ताई, सगळ्यांना पहिल्यापासून माहीत होतं. मी मात्र आठ महिने समजत होते की मी मंडळाला बनवलं.

डब्यात एकतीसच निघाली. अंजूनं भरवेलीहून आपल्या जावयाचं एक परत मागवलं आणि तुमची गाडी धरून तेहतीस झाली. ताट वगैरे काही जमलं नाही. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात भरून बैहरच्या बसला दिली.

काल गुरुवारी श्रियाशी बोलले. पियुषनं डबा उघडून आधी मोजली, गणिताचा मास्तर तो. तेहतीसच का, म्हणून विचारलं. श्रियानं सांगितलं, आमच्याकडे ह्या महिन्यात जावयाला देतात. तर त्यानं म्हणे सगळी पुन्हा एकदा मोजली, आणि मग विचारलं, "मतलब, मैं दामाद हूँ?" गंधवाला सांता बघून त्याची आई म्हणाली, हा तर आपल्याच गावचा दिसतो.

ताई, मी अंगणात बसून रडले. मग तोंड धुतलं आणि घरी येऊन ह्यांना सांगितलं की मंडळात भज्यांसाठी कांदे चिरले होते.

ह्यांना ह्यातलं काही माहीत नाही. वेळ बघून सांगेन.

प्रमोदिनी

---

पोस्टकार्ड
लांजी, ५ डिसेंबर

प्रमोदिनीले आशीर्वाद. नाताळ आला. बैहरचा जावई धोंड्याचं वाण यंदा झाडाले टांगून राह्यला का नाही ते कळव. तेहतीसच्या तेहतीस टांग म्हणा. गुणाकरचे बारशिंगे वरच्या फांदीले चांगले दिसतीन.

पुष्पलता

---

बालाघाट
१२ डिसेंबर

ती. ताई,

पोस्टकार्ड? ताई, पोस्टकार्ड कशाला लिहिलंत? आजवर प्रत्येक पत्र बंद पाकिटात आलं, आणि नेमकं हे उघडं. तुम्हाला पक्कं माहीत आहे की पोस्टकार्ड आलं की तुमचा भाऊ फाटकातच उभा राहून वाचतो, कोणाचंही असो. उघडं टपाल सार्वजनिक असतं म्हणतात. आता मला कळलं, तुम्ही विसरला नाहीत. तुम्ही मुद्दाम लिहिलंत.

कार्ड वाचून टेबलावर ठेवलं, त्यावर चष्मा ठेवला. दोन दिवस झाडं मोजायलाही गेले नाहीत. मंडळाच्या प्रदर्शनाचे तर कधीच बारा वाजले. साहेबांची बदली झाली, नव्या साहेबांच्या मिसेस भोपाळलाच राहतात, आणि डबा तसाही रिकामा. मंजुषाबाईंनी अहवालात लिहिलंय की ह्या वर्षी उपक्रम थेट कुटुंबांपर्यंत पोचवण्यात आला. मला त्याचं हसूही येईना, इतकी मी घाबरले होते. पाठवलं त्याचा पस्तावा मात्र झाला नाही, हे तुम्हाला सांगते.

तिसऱ्या दिवशी जेवताना ह्यांनी विचारलं, "तेहतीस पूर्ण होती?"

म्हटलं, होती.

"दिवा दिलास?"

"नाही."

"ताट कोणतं?"

म्हटलं, बिस्किटाचा डबा.

मग जो आवाज चढला, ताई, तो तुम्हालाही लांजीत ऐकू आला असता. "बिस्किटाच्या डब्यात वाण? माझ्या घरातून? दिवा नाही, ताट नाही, सासऱ्याला पत्ता नाही. ते लोक काय म्हणत असतील, ह्यांच्याकडे काही रीतभात आहे की नाही? सगळं नियमबाह्य आहे हे." मी वाट बघत होते की आता श्रियाचं काढतील, आता पियुषचं काढतील, कोर्टाचं काढतील. नाही काढलं. जेवणभर नुसते ताटावरूनच बोलत होते.

जेवण झाल्यावर स्टूल घेऊन माळ्यावर चढले आणि आपल्या लग्नातलं तांब्याचं ताट शोधून काढलं. आत्ता मागच्या ओट्यावर बसून चिंचेनं घासताहेत. मी करते म्हटलं तर हात लावू देत नाहीत. घासून झालं की एक पत्र लिहायचं आहे म्हणतात. मसुदा मला दाखवला, शुद्धलेखन बघायला. त्याची नक्कल तुमच्यासाठी सोबत ठेवते आहे. तुम्हीच हे घडवून आणलंत, तेव्हा तुम्ही वाचलंच पाहिजे.

प्रमोदिनी

---

बालाघाट
१२ डिसेंबर २०२३

प्रति,
श्री. पियुष मसीह,
गणित शिक्षक, बैहर

विषय: अधिकमासाच्या वाणाचे नियमितीकरण
संदर्भ: माझ्या पत्नीने ऑगस्टमध्ये परस्पर पाठवलेली तेहतीस लटकने

महोदय,

संदर्भातील वाण माझ्या संमतीविना, दिव्याविना व ताटाविना पाठवण्यात आल्याने नियमबाह्य आहे. वाण सासू व सासरे यांनी मिळून द्यायचे असते. याबाबत सासऱ्याचे म्हणणे घेण्यात आलेले नाही.

तथापि वस्तू आपल्याकडे पोचून चार महिने झाले आहेत व ती परत मागवणे योग्य होणार नाही. सबब मी दिनांक २४ डिसेंबर रोजी पत्नीसह सकाळच्या बसने बैहर येथे येऊन तांब्याचे ताट व दिवा समक्ष देईन. कागदोपत्री सदर वाण अधिक श्रावणातच दिले असे धरावे. मागील तारखेची अशी सवलत मी संपूर्ण नोकरीत कोणालाही दिलेली नाही.

बारशिंगे माझ्या आलेखावरून भरलेले आहेत. कोणाची शिंगे चुकली असल्यास जागेवर पाहणी करीन. माझ्या वडील बहिणीच्या गाडीपुढे दोन बारशिंगे आहेत, ते गाडीला जुंपलेले नसून स्वेच्छेने सोबत चालत आहेत. पाहुण्यांपैकी कोणी विचारल्यास तसे सांगावे.

झाड कोणते लावले आहे ते कळवावे. साल किंवा सागाचे रोप तोडले असल्यास मला गप्प बसता येणार नाही. आपल्या मातोश्रींना नमस्कार सांगावा. माझ्यासाठी भाजीत तिखट कमी घालावे, श्रियाला माहीत आहे.

आपणांस मराठी वाचता येत नसल्यास हे पत्र श्रियाकडून वाचून घ्यावे. ती मोठ्याने व भराभर वाचते. तिला सावकाश वाचायला सांगावे, घाई नाही.

पत्र मिळाल्याची पोच अवश्य पाठवावी. पोच आपण लिहू नये, तिने लिहावी. चार वर्षांत तिचे अक्षर पाहिलेले नाही.

आपला,
गुणाकर
रेंजर (निवृत्त)